मेव्हण्याला बर्फ दाखवणे

स्वदेशाचा अपमान माणसाने एक वेळ गिळावा, पण ज्या देशात आपण पोट भरतो त्याच्या हिवाळ्याचा अपमान कदापि सहन करू नये, असं व्हॅलेरियनचं तत्त्व होतं. हे तत्त्व त्याचा मेव्हणा टोरांटोहून मस्कतला उतरला त्या दिवशी अस्तित्वात आलं.

मेव्हणा ऑलविन दर जानेवारीत दारातला बर्फ उपसतानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकी, आणि अख्खी वसई हळहळे. बिचारा ऑलविन. व्हॅलेरियन मस्कतच्या वादी कबीर भागात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान सांभाळायचा. जूनमध्ये तिथल्या पत्र्याखाली माणूस उकडून निघतो. पण घामाचा फोटो नीट येत नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत त्याला एकदाही कोणी बिचारा म्हटलेलं नव्हतं.

म्हणून जबल अख्दरच्या डोंगरावर गारपीट होणार असं कळताच त्याने अर्बाबची, म्हणजे दुकानाच्या ओमानी मालकाची, जीप मागून घेतली आणि मेव्हण्याला नि बायकोला, लिलियनला, घेऊन निघाला. डोंगराच्या पायथ्याला चौकी आहे. फोर-व्हील नसलेली गाडी पोलीस तिथूनच परत पाठवतात. पोलिसाने जीप न्याहाळली आणि जा म्हणून हात केला. व्हॅलेरियनने मेव्हण्याकडे असं पाहिलं, जणू ती खूण आपल्या कर्तृत्वाला होती.

"भावोजी, मी बर्फाला कंटाळून पळून आलोय," ऑलविन म्हणाला. "मला समुद्र दाखवा की."

"समुद्र वसईलाही आहे."

वर पोचेपर्यंत आभाळ फुटलं. हरभऱ्याएवढ्या गारांनी रस्ता पांढराधोप झाला, एका चढावर जीपची चाकं जागच्या जागी गरगरली आणि मागचं चाक कडेच्या चरात जाऊन बसलं. गारा थांबल्या, जीप हलेना.

"उतरू का?" ऑलविनने विचारलं.

"बस तू. पाहुणा आहेस."

ऑलविन उतरला तर बायको फोटो काढणार, आणि ग्रुपवर पुन्हा बिचारा ऑलविन, ओमानमध्येसुद्धा. ते व्हॅलेरियन जिवंत असेपर्यंत होणार नव्हतं. फावडं नव्हतं. त्याने लिलियनच्या डब्याच्या पिशवीतलं स्टीलचं ताट उचललं आणि चाकापुढच्या गारा उपसायला घेतल्या.

"अहो, त्याला उतरू द्या. त्याला सवय आहे," लिलियन म्हणाली.

"सवय मलाही आहे."

"कसली?"

यावर तो ताटाने अधिक जोरात उपसू लागला.

ऑलविनने काच दोन बोटं खाली केली. "आम्ही चाकाखाली वाळू टाकतो, भावोजी."

व्हॅलेरियनने आजूबाजूला पाहिलं. नुसता खडक. या देशात वाळू बुटात सापडते, चहात सापडते, एसीच्या जाळीत सापडते, आणि आज माणसाला गरज पडली तर पाटीभर नाही. त्याला हा शुद्ध विश्वासघात वाटला. त्याने जीपमधली पायपुसणी काढून झटकली, चिमूटभर निघाली. मग ती पायपुसणीच चाकाखाली घातली आणि आत बसून गाडी रेटली. चाकाने ती दरीत भिरकावून दिली. अर्बाबची होती.

तो उतरून परत ताटाकडे वळला, तेवढ्यात लिलियनने फोन वर केला.

"त्याचा फोटो नको," तो गुरगुरला.

"तुमचाच काढतेय."

व्हॅलेरियनने ओले केस मागे सारले आणि ताट दिसेल असं धरलं. फोटो ग्रुपवर गेला. लगेच सासूबाईंचं उत्तर आलं, ते लिलियनने वाचून दाखवलं.

"'ऑलविन कुठे आहे? बिचाऱ्याला थंडी वाजत नाही ना?'"

व्हॅलेरियनने ताट रस्त्यावर आपटलं. "उतर," तो म्हणाला. "उतर बाबा. कर काय करायचं ते."

ऑलविन उतरला नाही. तो नुसता ड्रायव्हरच्या सीटवर सरकला, गिअरशेजारचं एक बटण फिरवलं, आणि जीप चरातून शांतपणे वर आली.

चौकीपासून इथवर ती फोर-व्हील न लावता टू-व्हीलवरच चालली होती. ते बटण व्हॅलेरियनच्या दुकानात मिळतं.