देवाला समजावलेलं रेडिएशन

आई जाऊन दीड महिना झाला. हृदय थांबलं, कॅन्सर तर नऊ वर्षांपूर्वीच आटोपला होता. तरी भेटायला येणारे कॅन्सरबद्दलच हळू आवाजात बोलतात आणि मला नेमकं हसू येतं.

तेव्हा तिच्या स्तनात गाठ निघाली होती. एरवी ऑपरेशननंतर पाच आठवडे रोज रेडिएशन घ्यावं लागतं. पण गाठ लहान होती, म्हणून मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "गाठ काढली की टाके घालण्याआधी तिथल्या तिथे अर्धा तास रेडिएशन देऊ. उशीर मात्र नको."

आई म्हणाली, "कौल घेतल्याशिवाय मी नाटे गावाबाहेर पाऊल टाकणार नाही."

आमच्याकडे कौलासाठी देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"नीट सांग गो अक्षया," देवळात भागोजी गुरव मला म्हणाला. "मोघम विचारलेलं देवाला चालत नाय."

मी दोनदा समजावलं. गंगाराममामा पोफळीच्या वीजघरातून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "मशीन विजेवर चालणार. तेही घाल."

भागोजीने हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या सावित्रीच्या डाव्या अंगाची गाठ डॉक्टर काढणार हाय..."

"व्हय म्हाराजा!" जमलेले पंधराएक जण ओरडले.

"...आनि टाके घालायच्या आदी आत मशीनचा गोळा ठेवून अर्धा तास किरणं देणार हाय..."

"व्हय म्हाराजा!"

"व्होल्टेज," मामा कुजबुजला.

"...तवा व्होल्टेज वरखाली होऊ देऊ नको..."

"व्हय म्हाराजा!"

"जनरेटर."

"...आनि लाइट गेलीच तर जनरेटर येळेवर चालू कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पाकळ्या हलेनात. चाळीस मिनिटं गेली.

"वायरिंग तपासत असेल," मामा म्हणाला.

"एवढ्यात माझं रेडिएशन झालं असतं," आई म्हणाली.

आणि डावी पाकळी पडली.

आईला आता ऑपरेशनला कोण तयार करणार?

"सावित्रीबाय," भागोजी चाचरत म्हणाला, "डावा कौल..."

"मग? गाठ कुठे आहे माझी? डावीकडेच ना! देवाने जागा दाखवली. उजवी पडली असती तर घाबरले असते, डॉक्टर भलतीकडेच कापतो की काय."

भागोजीच्या चाळीस वर्षांच्या गुरवकीत असा अर्थ कोणी लावला नव्हता. त्याने मामाकडे पाहिलं. मामाने विचार करून सांगितलं, "कनेक्शन बरोबर आहे."

मुंबईला जाताना गाडीत मी विचारलं, "उजवी पडली असती तर?"

"तरी गेलेच असते."

"मग एवढा घाट कशाला?"

"टेबलावर एकटीलाच झोपायचं असतं गो. आधी चार माणसं आपल्यासाठी ओरडली की बरं वाटतं."

सावर्ड्याला चहाला थांबलो, तेव्हा तिने मला डॉक्टरांना फोन लावायला सांगितला.

"येतोय म्हणावं. आणि डावी बाजू, लिहून घ्या म्हणावं. वरून मंजुरी आहे."