बंधाऱ्याच्या अलीकडे

माझी वहिनी तंबू आणि पाठीवरच्या पिशव्या दुरुस्त करते. तिच्या दुकानात शिलाई मशीनच्या मागे भिंतभर दोऱ्यांची रिळं टांगलेली असतात. सहलीच्या आदल्या दिवशी ती एक नारिंगी दोरी गुंडाळून पिशवीत भरत होती, तेव्हा दादाला हसू आवरेना.

"अगं, आपण नदीकाठी राहायला चाललोय. ही बुटाची नाडी कशाला?"

"नाडी?" वहिनीने टोक कापलं, वरचं विणलेलं आवरण मागे सरकवलं आणि आतले पांढरे धागे त्याच्या नाकासमोर धरले. "पॅराशूटला असते तसली आहे ही. तुम्ही लटकलात तरी तुटायची नाही."

"बायकोच्या तोंडून काय शुभ बोल निघतात बघ!" दादा मला म्हणाला.

नदीकाठी पोचताच वहिनीने दोरी दोन झाडांमध्ये ताणली आणि तिच्यावर ताडपत्री टाकून झकास छप्पर केलं. दादाच्या पिशवीचा पट्टा उसवला, तर दोरीतला एक धागा सुईत ओवून तो जागच्या जागी शिवून दिला. मी शाळेत मुलींना गोळाफेक शिकवते. गाठ म्हटली की मला बुटाचीच ठाऊक. मी नुसती बघत राहिले.

जेवण झाल्यावर दादा रबरी होडी घेऊन पाण्यात उतरला. "कडेकडेनेच जातो," म्हणाला. थोड्याच वेळात त्याची हाक आली, आणि ती मजेची नव्हती. वल्हं हातातून निसटून पुढे वाहत चाललं होतं आणि होडी त्याच्यामागे. खाली वळणापलीकडे बंधारा होता. पाणी कोसळल्याचा आवाज इथवर येत होता.

"दोरी!" वहिनी ओरडली. "ताडपत्री सोड!"

मी गाठ ओढायला लागले, ती जास्तच आवळली. वहिनीने मला बाजूला सारून एक टोक खेचलं आणि गाठ सर्रकन सुटली. दोरी गोळा करत आम्ही काठाने धावत सुटलो. काटे लागले, चप्पल कुठे गेली कळलं नाही. वळणावर आम्ही होडीच्या पुढे निघालो. वहिनीने अर्धी भरलेली पाण्याची बाटली दोरीला बांधली आणि फेकली. बाटली होडीच्या अलीकडेच पडली.

"तू फेक! हे तुझं काम!"

मी ओली दोरी ओढून घेतली. मुलींना रोज सांगते, तेच स्वतःला सांगितलं: पाय रोव, कंबर वळव, मग हात. बाटली दादाच्या डोक्यावरून पलीकडे गेली आणि दोरी बरोबर त्याच्या मांडीवर पडली.

"धरली!" दादा किंचाळला आणि ती मनगटाला गुंडाळायला लागला.

"अरे, हाताला नको! हात जाईल! होडीच्या कडीला बांध!"

एरवी 'अहो' म्हणणारी वहिनी थेट 'अरे'वर आली होती. दादाने मनगटावरचा वेढा सोडून दोरी कडीला बांधली. आमच्याकडचं टोक वहिनीने एका झाडाला वेढे देऊन धरलं. दोरी ताणली. पाणी उडालं, झाडाची साल खरवडली, आणि होडी जागच्या जागी थबकली. मग ती हळूहळू वळली आणि प्रवाहानेच तिला काठाकडे आणून सोडलं. मी गुडघाभर पाण्यात शिरून दादाला कॉलरला धरून ओढलं. तिघंही चिखलात पडलो आणि वेड्यासारखे हसत सुटलो.

नंतर बंधाऱ्यापर्यंत चालत गेलो. खाली दगडांत वल्ह्याचे दोन तुकडे गरगरत होते. इतका वेळ हुकूम सोडणारी वहिनी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. दादा तिच्या शेजारी बसला, तिचे हात हातात घेऊन.

"घरी जायचं का?" मी हळूच विचारलं.

"छे!" वहिनीने डोळे पुसले. "मला अजून पोहायचंय. इथे नाही, वरच्या उथळ पाण्यात."

"आणि मी?" दादाने विचारलं.

"तुम्ही काठावर बसायचं. चहा करायचा."

दादा उठला आणि मुकाट्याने चुलीसाठी काटक्या गोळा करायला लागला.