हात वर केला की थांबायचं

बंदरावर सत्तावीस वर्षं आत्यांनी एकच काम केलं. खाली उभं राहायचं आणि वर काचेच्या खोक्यात बसलेल्या क्रेनवाल्याला हातांनी सांगायचं: उचल, डावीकडे घे, हळू, ठेव. वरून त्याला खालचं नीट दिसत नाही. आत्यांचे हात हेच त्याचे डोळे. या कामाचे नियम पुष्कळ, पण सगळ्या नियमांचा बाप एकच. बाकीचे इशारे फक्त इशारेवालीचे चालतात, ‘थांब’ मात्र कोणाचाही चालतो. झाडूवाल्यानं हात वर केला तरी टनावारी ओझं जागच्या जागी थांबलं पाहिजे. का आणि कशाला, ते मग विचारायचं.

म्हणूनच पाच वर्षांपूर्वीची कोलोनोस्कोपी आत्यांच्या घशात काट्यासारखी अडकून होती. तेव्हा दुसऱ्या एका दवाखान्यात हलक्या गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं. काही आठवणार नाही, असं सांगितलं होतं. नळी आतड्याच्या वळणावर अडली, कळ मस्तकात गेली आणि आत्या तीनदा म्हणाल्या, “थांबा.” कोणीतरी हसून म्हणालं, “गुंगीत बडबडतायत.” कोणीतरी त्यांचे गुडघे दाबून धरले. आत्यांना सगळं आठवत होतं.

आता शौचाच्या तपासणीत पोटातून रक्त जात असल्याचं निघालं होतं. थोडंसंच, पण निघालं होतं. तीन महिने आत्यांनी आज-उद्या केलं. शेवटी वहिनींनी पुन्हा त्याच नळीसाठी या दवाखान्यात धरून आणलं. थोरल्या भावाच्या पश्चात या नणंद-भावजया एका घरात राहत होत्या आणि एकमेकींना सोडून बाकी कोणाशी भांडत नव्हत्या.

“पूर्ण झोपेचं घेऊ या,” डॉक्टर म्हणाले. पस्तिशीचा माणूस, बोलताना एक डोळा भिंतीवरच्या घड्याळावर. “भूलतज्ज्ञ आहेतच. डोळे मिटाल, उघडाल, की झालं.”

“झोपेत माझा श्वास अडकतो. रात्री नाकाला यंत्र लावते. लिहिलंय कागदात.”

डॉक्टरांनी पान उलटलं. “हं. मग ते इथं नको, त्याला मोठं हॉस्पिटल हवं. हलकी गुंगी आणि सोबत वेदनाशामक देतो.”

“ते मागे घेऊन झालंय.”

“मग कळ बोथट करणारा गॅस. मास्क तुमच्याच हातात. दुखलं की ओढायचा, सोडला की थोड्या वेळात डोकं साफ. पण सगळ्यांना पुरतोच असं नाही, आधीच सांगतो.”

“चालेल. आणि मी हात वर केला की थांबायचं.”

“थांबतोच हो आम्ही.”

“मग लिहा.”

“संमतीपत्रात तसा रकाना नाही.”

“समास आहे ना?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “बाई, ही क्रेन नाही.”

“नाहीच. क्रेनखाली दुसऱ्याचं डोकं असतं. इथं माझं आतडं आहे.”

“कधी थांबायचं ते मला कळतं. हजारोंनी केल्यात.”

“वर बसलेल्याला नेहमी असंच वाटतं.”

“पटत नसेल तर दुसरीकडे करून घ्या. माझे आणखी चार पेशंट खोळंबलेत.”

काल जुलाबाचं औषध घेऊन आत्यांनी पोट पार रिकामं केलं होतं. दुसरीकडे म्हणजे आणखी दोन महिने. आत काही वाढत असेल तर ते काय थांबणार आहे? गुपचूप आडवं व्हावं आणि दात आवळावेत, असं एकदा वाटलं. मागून उघडा असलेला झगा त्यांनी मुठीत घट्ट धरला आणि त्या स्टुलावर बसल्या.

“आडवी होणार नाही आणि जाणारही नाही.”

आता वहिनी ‘पुरे झाला हट्ट’ म्हणणार, अशी त्यांची खात्री होती. वहिनी उठल्या, आत्यांच्या कपड्यांची पिशवी छातीशी धरली आणि सरळ तपासणीच्या पलंगावर जाऊन बसल्या.

“मीही बसते. डॉक्टर, काल दुपारपासून वन्सं न्हाणीघरात मुक्कामाला होत्या. एवढं सोसून आलेलं माणूस एका ओळीसाठी परत पाठवता? शाई काय तोळ्यानं मिळते?”

डॉक्टरांजवळ उभ्या सिस्टरनं ओठ दाबत पेन पुढे केलं. “सर, एकच ओळ आहे.”

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, पलंग पाहिला. मग लिहिलं: रुग्णाने हात वर केल्यास थांबणे.

“इतर कोणी केला तरी,” आत्या म्हणाल्या.

तेही लिहिलं. अक्षर रागावलेलं होतं, पण वाचता येत होतं.

वहिनींना बाहेर बसवलं. आत्या डाव्या कुशीवर निजल्या, डाव्या हातात मास्क, उजवा मोकळा. गॅसनं ओठांना मुंग्या आल्या, छत जरा लांब गेलं. पहिलं वळण नुसतं पोट फुगण्यावर निभावलं. दुसऱ्या वळणावर ती जुनी कळ ओळख दाखवत आली. आत्यांनी खोल श्वास ओढला. कळ वाढतच गेली. त्यांनी हात वर केला.

डॉक्टरांची नजर यंत्राच्या पडद्यावर. “झालंच, झालंच. एवढं एकच वळण.”

मागच्यासारखंच. नळी पुढे सरकली. आत्यांचा हात हवेत तसाच, आणि तोंडावर मास्क.

तेवढ्यात पडदा झाकला गेला. सिस्टरनं आपला पंजा मधे धरला होता.

“सर, थांबा. हात वर आहे.”

नळी थांबली. डॉक्टरांचे कान लाल झाले.

“वेटोळं पडलंय,” ते हळू आवाजात म्हणाले. “मागे घेतो.” त्यांनी नळी मागे घेतली, आतली हवा ओढून काढली, सिस्टरला पोट कुठं दाबायचं ते दाखवलं. कळ ओसरली. मग पहिल्यांदाच पडदा सोडून त्यांनी आत्यांच्या तोंडाकडे पाहिलं. “सांगा तुम्ही.”

आत्यांनी घाई केली नाही. बंदरावर त्यांना कधी कोणी घाई केली नव्हती. दोन श्वास ओढले, हात सावकाश खाली आणला आणि दोन बोटं हलवली. हळू. पुढे.

दोन गाठी निघाल्या. त्या काढताना काहीच दुखलं नाही. तपासायला पाठवल्या.

बाहेर वहिनींनी विचारलं, “दुखलं?”

“दुखलं की.”

“मग एवढा तमाशा करून काय मिळवलंत?”

“थांबला तो.”

वहिनी पिशवीचे बंद चाळवत राहिल्या. मग म्हणाल्या, “रक्त जात असल्याचा तसा कागद मलाही आला होता. कपाटात साड्यांखाली आहे. सहा महिने झाले.”

“वहिनी!”

“ओरडू नका, दवाखाना आहे. मी करीन. पण मला बाई पार झोपवायचं, मला काही कळायला नको.”

“झोपलात तर हात कोण वर करणार?”

“तुम्ही कशाला आहात?” वहिनी म्हणाल्या. “कोणीही केला तरी चालतो, असं तुम्हीच लिहून घेतलंत ना?”

आत्या झगा सावरत उठल्या आणि वहिनींसाठी तारीख मागायला नोंदणीच्या खिडकीकडे निघाल्या.