जिन्याखालचा बाक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. सध्या माझा मुक्काम एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या व्हरांड्यात, धुण्याच्या खोलीपाशी आहे. माझा एक हात ढिला झाला आहे आणि अंगभर चहाच्या कपांचे गोल डाग आहेत. ते डाग मात्र मी दागिन्यासारखे मिरवतो.

मला घडवणारा सुतार भाविक होता. रंधा मारताना देवाचे नाव गायचा. सूर चुकला की रंधा थांबवून आधी सूर लावायचा. त्याने माझ्या अंगात एकही खिळा ठोकला नाही. शेजारचा दुकानदार हसला तेव्हा तो म्हणाला, "खिळ्यानं फळ्या नुसत्या शेजारी बसतात, बाबा. खाचेत खाच बसली की एकमेकींना धरतात." त्या बोलण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

रुग्णालयात माझी जागा होती जिन्याखाली, चहाच्या किटलीशेजारी. सकाळची फेरी सुरू होण्याआधी सगळे माझ्यावर टेकायचे. सर्जन यायचे, हृदयाच्या डॉक्टरबाई यायच्या, औषधांच्या खिडकीवरचे काका यायचे आणि त्या सगळ्यांना धाकात ठेवणाऱ्या मोठ्या सिस्टर यायच्या. चहा होई, थट्टा होई, आणि मधेच सिस्टर विचारायच्या, की कोपऱ्यातल्या आजोबांची रक्त पातळ करायची गोळी ऑपरेशनसाठी बंद केली होती, ती परत कधी सुरू करायची? सर्जन म्हणत, टाक्यांचं बघून सांगतो. डॉक्टरबाई म्हणत, सांगा, विसरू नका. सिस्टर म्हणत, "मीच आठवण करीन. तुम्ही दोघं म्हणजे मोठी माणसं, पोटात काही राहायचं नाही आणि डोक्यातही." हशा पिकायचा. कप रिकामे होईपर्यंत कितीतरी माणसांचे भले होऊन जायचे, आणि आपण काही केले असे कुणालाच वाटायचे नाही.

एकदा एक अभ्यासक मुलगी आली. मोठ्या रुग्णालयांतले वेगवेगळे विभाग एकमेकांना कसे सांभाळून घेतात, हा तिच्या संशोधनाचा विषय होता. ती खोल्याखोल्यांतून फिरली. प्रत्येकाने तिला बैठका सांगितल्या, नियम सांगितले. दमून ती माझ्यावरच बसून चहा प्यायची, आणि मग पुन्हा विचारायला खोल्यांत जायची. माझ्याबद्दल कुणी सांगितले नाही, तिनेही विचारले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

तिच्या अभ्यासात रुग्णालयाचे फार कौतुक झाले. कौतुकामागून देणग्या आल्या, देणग्यांतून नवी इमारत उभी राहिली. प्रत्येक विभागाला स्वतःचा मजला आणि स्वतःचे चहाचे यंत्र मिळाले. वर एक थंडगार समन्वय कक्ष झाला. त्यात काचेचे लांबलचक टेबल आले. दर आठवड्याला सगळे तिथे जमत, आमच्याकडचे काम पूर्ण आहे असे सांगत आणि उठून जात. माझी रवानगी इथे झाली.

काही वर्षांनी त्या मुलीच्या वडिलांना हर्नियाचे ऑपरेशन सांगितले. तिने त्यांना इथेच आणले. का नाही आणणार? तिच्या अभ्यासामुळेच तर रुग्णालयाचे नाव झाले होते. वडील बसमध्ये कंडक्टर होते. ऑपरेशनआधी ते उन्हासाठी व्हरांड्यात यायचे, माझ्यावर ऐसपैस बसायचे आणि कुणी आले की आपली जुनी आरोळी द्यायचे, "पुढं सरका, पुढं सरका, मागं खूप जागा आहे!" सगळे रुग्ण त्यांना कंडक्टरच म्हणत.

त्यांची रक्त पातळ करणारी गोळी बंद केली होती. ऑपरेशन छान झाले. घरी जाताना मिळालेल्या कागदावर, बाकीची औषधे हृदय विभागाच्या सल्ल्याने घ्यावीत, असे लिहिले होते. हृदय विभाग सर्जनच्या निरोपाची वाट पाहत होता. मुलीला वाटले, ठरल्यावर कळवतील. कुणी कामचुकार नव्हते, मित्रांनो. प्रत्येकाला वाटले, दुसरा बघेल; गोळी बंदच राहिली. आणि एका सकाळी रक्ताची गाठ मेंदूत जाऊन कंडक्टरांचा उजवा हात लुळा पडला. वाचाही गेली.

आता बोलण्याचा सराव करायला ते या व्हरांड्यातल्याच एका खोलीत येतात. पहिल्या दिवशी मुलगी त्यांना घेऊन माझ्यावर बसली आणि तिचे बोट नकळत एका गोल डागावरून फिरले. थोड्या वेळाने मोठ्या सिस्टर तिथून चालल्या होत्या. तिने त्यांना थांबवले.

"सिस्टर, मी सगळं मोजलं हो. पण तुम्ही सगळे मिळून चहा कुठं पिता, एवढंच विचारायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी सिस्टर सर्जनना आणि डॉक्टरबाईंना घेऊनच आल्या. दोघे हातात कप धरून लांब लांब उभे राहिले.

"मला वाटलं, तुम्ही गोळी सुरू केली असेल," सर्जन म्हणाले.

"आणि मी तुमच्या फोनची वाट बघत होते."

कंडक्टरांनी दोघांकडे पाहिले. तोंड उघडले, ओठ हलले, पण शब्द आला नाही. तेव्हा ते डाव्या हाताने रेटा देत कडेला सरकले आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर त्यांनी थाप मारली.

दोघे बसले. माझा ढिला सांधा करकरला, पण त्याने धरून ठेवले. मग डॉक्टरबाईंनी हळूच विचारले, "खिडकीजवळच्या आजींची गोळी बंद आहे ना?"

"हो. उद्या टाके बघतो आणि इथंच सांगतो."

मित्रांनो, माझ्यावर रंगाचा हात फिरवला नाही तरी चालेल. पण ज्या जागी माणसे मांडीला मांडी लावून बसतात, ती जागा अडगळ समजून हलवू नका. आता रोज सकाळी इथे चहा येतो. कंडक्टर सगळ्यांत आधी येऊन कडेला बसतात आणि येणाऱ्यासाठी सरकतात. ती आरोळी मात्र अजून परत आलेली नाही.