दानम्माच्या शेंगा

“अर्धी गोष्ट सांगायची असेल तर बाई, सांगूच नका,” परसबागेच्या वर्गात सिंधुबाई म्हणाल्या होत्या. मी वहीत खालमानेनं रेघोट्या ओढत होते. बी.ए. झालेल्या बाईला हे काय सांगायचं, असं वाटलं होतं.

लातूर नुकताच जिल्हा झालाय आणि यंदा पाऊस पाठ फिरवून बसलाय. नळ चौथ्या दिवशी यायचा. भांडी धुतलेलं, लेकरू न्हालेलं पाणी वाफ्याला कसं घालायचं, हे शिकवायला सिंधुबाई दर शनिवारी नांदेडहून यायच्या. मी सगळं उतरवून घ्यायची. शेजारच्या दानम्मा अक्काला अक्षरओळख नव्हती. ती नुसती ऐकायची.

माझी मेथी जळाली. तिचा घेवडा पत्र्यावर चढला.

“बीए वैनी, वहीला पानी घालता का काय?” ती हसायची. बायका हसायच्या. माझी उजू, तीन वर्षांची पोर, तीही उठली की तिच्याच परसात. मी खिडकीतून बघत राहायची. घरी भाजीला तोंड न लावणारी पोर तिच्या हातनं कच्च्या शेंगा खायची.

मग घेवड्यावर माव्याची कीड पडली. दानम्माच्या भाच्यानं शेतावरची औषधाची बाटली आणून दिली. बाटलीबरोबरचा कागद घेऊन ती माझ्याकडं आली.

“वाचा की जरा. शनिवारी समद्या वाफा बघायला यायल्यात.”

मी वाचलं, “बादलीभर पाण्यात एक टोपण.”

“आन् खाली एवढं काय लिव्हलंय?”

खाली लिहिलं होतं, फवारणीनंतर दहा दिवस तोडणी करू नये.

“कंपनीचा पत्ता आहे,” मी म्हणाले.

शेंगा कडू लागतील, बायका तोंडं वाकडी करतील, एवढंच माझ्या मनात होतं. देवाशपथ, एवढंच.

फवारल्यावर तिसऱ्या दिवशी ती शेंगांची ताटली घेऊन दारात उभी. “पयला तोडा मठातल्या जंगमस्वामींना द्यायचा. पन स्वामी गावाला गेलेत, म्हून आमच्या उजूला.”

उजूनं हात पुढं केला. मी ताटली हिसकावली आणि शेंगा गटारीत ओतल्या.

दानम्माचा चेहरा उतरला. “माज्या हातचं इतकं वाईट हाय का, वैनी?”

“तुम्ही खाल्ल्या का?”

“खाल्ल्या की, सकाळीच. पोटातल्याला लई हाव सुटली.” लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते, चौथा महिना होता.

तेव्हा तरी सांगायचं. पण मग पत्त्याचं काय सांगणार होते?

संध्याकाळी ती उलट्या करायला लागली. “पोटुशी बाई, व्हायचंच,” बायका म्हणाल्या. मीही होकारार्थी मान हलवली. सकाळी तिचा भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला.

याला सतरा दिवस झाले. तिचे मालक, गुरुबसप्पा, त्या ताटलीपासून आमच्याकडं बघतही नाहीत. काल मी त्यांना दारात गाठून सगळं सांगायला लागले, तर “तुमचं बोलनं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या” म्हणून त्यांनी कडी लावली. तिच्या माहेरच्या गावाचं नावही सांगितलं नाही. उदगीरच्या पुढं, देवणीच्या वाटेवर, एवढंच मला ठाऊक आहे.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कुणी त्या बाजूचं असेल तर गुरुबसप्पांची दानम्मा कुठं आहे ते विचारा. तिच्या घरी जा. तिला जवळून बघा, पोटातलं हलतं का विचारा आणि शेंगांवर औषध होतं, हे डॉक्टरला आजच सांगा.