नक्षत्रबाबांचा गरम दगड

"सरका, सरका! आधी आजारी माणसं!" बाबांचा एक चेला ओरडत होता.

आमच्या फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, मागच्या गोदामापुढे आजही सकाळपासून रांग लागली होती. नक्षत्रबाबांनी पंधरा दिवस आधीच सांगितलं होतं, 'दोन आठवड्यांनी तारे उतरवीन.' आणि खरंच, आठ दिवसांपूर्वी रात्रीची पाळी सुटताना आकाशातून हिरवट आगीचा गोळा गेला. जाताना आमच्या कारखान्याची अक्कलही घेऊन गेला.

बाबांपुढे फडक्यावर 'ताऱ्याचा तुकडा' होता. पाणी शिंपडलं की त्यातून वाफ यायची.

"आकाशाची आग आहे, लेकरांनो! साखर, दमा, मूतखडा, सगळं भस्म! सासूचा राग तेवढा उरेल, त्याला वेगळी बैठक!"

लोक हसायचे आणि पाया पडायचे.

मी कारखान्याच्या दवाखान्यातली नर्स. बावीस वर्षं भट्टीवर राबलेला माझा सख्खा दादा आठ दिवसांपासून इन्सुलिन सोडून याच रांगेत उभा राहत होता. त्याच्या पायाची बोटं काळी पडत चालली होती. माझा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी मी पुढे घुसले. दगड उचलला, फडकं ओढलं. खाली पाण्याने तापणारा कळीचा चुना! दगड फरशीवर आपटून फोडला. आत काचेसारखी चकाकी आणि बुडबुड्यांची भोकं.

"ही स्लॅग आहे! वितळलेल्या लोखंडावरची मळी. रोज तुम्हीच काढून फेकता ना? आणि तारे दरवर्षी याच दिवसांत पडतात. धूमकेतूने मागे टाकलेल्या धुळीतून पृथ्वी जाते, ती धूळ हवेत जळते. एखादा मोठा खडा असला की गोळा दिसतो. यात बाबांचं काय?"

रांगेतला स्टोअरकीपर ओरडला, "म्हणजे तारा आपल्याच भट्टीत उतरला की!"

जयजयकार सुरू झाला. बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांना आयतंच उत्तर मिळालं होतं. रांग पुन्हा पुढे सरकू लागली.

मी दादाला गाठलं. "तू तरी ओळखायला हवं होतंस."

"पहिल्याच दिवशी ओळखलं," दादा हळूच म्हणाला. "पण डॉक्टर म्हणतात बोटं कापू. हा बाबा म्हणतो, राहतील."

मला रडूच फुटलं. बाबांची लबाडी पाच मिनिटांत उघडी पडली, पण दादाच्या भीतीपुढे मी हात टेकले.

"दादा, बोटं गेली तर पाय वाचेल. तारे पुढच्या वर्षीही पडतील, बाबा असो वा नसो. तुझ्या पायाला तेवढा वेळ नाही. डोकं शाबूत ठेव, चल माझ्याबरोबर."

त्याचा नंबर आला होता. माझा हात सोडवून तो लंगडत बाबांपुढे गेला.