टबानंतरच्या उशा

"ताई, या महिनाअखेरपर्यंतच हं मी," धाकटी म्हणाली आणि ओला एप्रन खुंटीला अडकवून हात पुसत राहिली. जणू साबण संपत आलाय, एवढंच सांगितलं!

थोरलीच्या हातातली सुई चादरीत तशीच अडकून राहिली. कोपऱ्यात लंबू मात्र आपला टॉवेलांच्या घड्या घालतोय. उचल, झटक, दुमड, ठेव. उचल, झटक, दुमड, ठेव. इथे बहीण सोडून चाललीय आणि याला टॉवेलांची पडलीय!

"चाललीस कुठे?"

"कोपऱ्यावरच्या लॉजमध्ये. काउंटरला बसायचं. त्यांच्या मॅनेजरबाई चादरी द्यायला आल्या होत्या ना, त्यांनीच विचारलं."

"आणि इथे काय बिघडलं? कंटाळलीस?"

"दमले गं."

"दमलीस?" थोरलीचा आवाज चढला. "निम्मं काम तो लांबोडका करतोय! आई असताना आपण याच्या दुप्पट उपसायचो. तेव्हा नाही दमलीस!"

धाकटीने नॅपकिन खाली ठेवला. "तेच तर मला कळत नाही," ती म्हणाली. "तेव्हा नव्हते दमत." आणि चपला घालून निघून गेली.

लाँड्री दोघींच्या आईने सुरू केलेली. एक लांबलचक खोली, एका टोकाला धुलाईची मशिनं, दुसऱ्या टोकाला इस्त्रीवाल्या काकांचं टेबल आणि मध्ये एवढं मोठं घडीचं टेबल की लहानपणी दोघी त्याच्याखाली घर-घर खेळायच्या. दवाखान्याच्या चादरी, लॉजच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, डॉक्टरांचे कोट, आणि या सगळ्यावर माणसं जे जे सांडू शकतात ते सगळं. काका दोघींना अजूनही 'पोरींनो' म्हणतात. त्या पोरींच्या केसांत चांगली चांदी चमकायला लागलीय, पण काकांना कोण सांगणार!

आई गेल्यावर काम आवरेना, म्हणून लंबू आणला. दोन लांब हात, मानेच्या जागी कॅमेरा, आणि खाली चाकं. बसवायला आलेल्या इंजिनिअर मुलीने त्याचं नाव सांगितलं होतं, त्यात तीन आकडे आणि दोन इंग्रजी अक्षरं होती. काकांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं, "लंबू" म्हणाले, आणि बारसं उरकलं.

मग प्रश्न आला, कोणाला काय काम? वाटणीच्या बाबतीत थोरलीचा हात धरणारं कोणी नव्हतं. लहानपणी बिस्किटाचे दोन तुकडे ती असे करायची की धाकटी दोन्हीकडून निरखून शेवटी नाइलाजाने गप्प बसायची. तिने तोच न्याय लावला. डोळे मिटून होण्यासारखं सगळं लंबूला. अभ्रे त्याचे, टॉवेल त्याचे, साध्या चादरी त्याच्या. जिथे डोकं लागतं, नजर लागते ते माणसांचं. थोरलीला फाटकं शिवणं, फोन आणि गिऱ्हाइकांची तोंडं. धाकटीला डाग. डागांत धाकटीचा हात कोणी धरू शकत नव्हतं. नुसतं बोट फिरवून ती सांगायची, हे औषध, हे शाई, हे लिपस्टिक आणि हे कोणीतरी लपवायला बघतंय!

"सोपं त्याला, हुशारीचं आपल्याला," थोरलीने जाहीर केलं. इंजिनिअर मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्हाला हेच शिकवतात!" मग काय, थोरलीचे पाय दोन दिवस जमिनीला लागले नाहीत.

आणि आता त्याच वाटणीतून धाकटी उठून चालली होती.

थोरलीने तिला थांबवण्याचा चंग बांधला. आधी डाग घासायच्या टबापाशी पाठ टेकायची खुर्ची आणली. धाकटी तिच्यावर बादली ठेवू लागली. मग रेडिओ लावला. काकांना गाणी आवडली, धाकटीने मान वर केली नाही. मग थोरली सकाळीच नवे रबरी हातमोजे घेऊन आली, गुलाबी!

"ताई," धाकटी म्हणाली, "उद्या मला बांगड्या भरशील."

बोलली, हेच पुष्कळ. पण हसली नाही. आणि त्या क्षणी थोरलीला काहीतरी लख्ख आठवलं: ही बाई पूर्वी केवढी हसायची! एकदा हसायला लागली की चादरीचं टोक हातातून सुटायचं, ओली चादर फरशीवर, आई ओरडतेय आणि ही पोट धरून खाली. ते कधी थांबलं? आई गेल्यावर, असंच थोरलीने धरून ठेवलं होतं.

पुढच्या मंगळवारी धाकटी लॉज बघायला गेली आणि डागांचा टब थोरलीच्या वाट्याला आला. "एका दिवसाचं तर आहे," ती काकांना म्हणाली आणि बाह्या वर सारल्या.

पहिला डाग निघाला तेव्हा तिला मजा वाटली. पुढचेही निघाले. मग एक असा आला की घासूनही जाईना आणि सोडूनही देववेना. पुन्हा घास, पुन्हा उजेडात धर, पुन्हा घास. जेवायच्या सुट्टीपर्यंत तिला भिंतीवर डाग दिसायला लागले. फरशीवर दिसायला लागले. काकांच्या खिशाकडे ती अशी टक लावून बसली की काकांनी घाबरून शर्ट झटकला.

"काय गं, काय लागलंय?"

"काही नाही काका. माझे डोळेच डागाळलेत."

शेवटी एकदाचा टब रिकामा झाला. थोरली उठली, हात कोरडे केले आणि काही विचार न करता डावीकडे वळली. दोन पावलं चालली, हात पुढे केला.

हाताला काहीच लागलं नाही.

ती तशीच उभी राहिली. रिकाम्या टेबलापुढे, हात पुढे करून, एखाद्या वेड्यासारखी. इथे काय असायचं? आपण काय घ्यायला आलो?

अभ्रे! उशांचे अभ्रे असायचे इथे. गरम गरम, ड्रायरमधून नुकतेच काढलेले, डोंगर नुसता. आईचा नियमच होता. 'टब झाला की उशा.' ज्याने डाग काढले त्याने पुढे अभ्रेच घ्यायचे, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. का, ते आईने कधी सांगितलं नाही आणि दोघींनी कधी विचारलं नाही. आईचे नियम असेच असायचे. विचारलं तर आणखी एक काम मिळायचं!

अभ्र्यांच्या घड्या घालायला नजर लागत नाही. डोकं लागत नाही. हात आपले आपण चालतात आणि तोंड मोकळं सुटतं. थोरलीला एकदम सगळं आठवायला लागलं. वाफेचा तो उबदार वास. अभ्र्यात तोंड खुपसून धाकटीने केलेली शाळेतल्या बाईंची नक्कल. धाकटी लग्नाला हो म्हणाली ते अभ्र्यांवर, आणि नाही म्हणाली तेही अभ्र्यांवरच. बाबांच्या आजारपणात तिघी मुकाट्याने घड्या घालत बसल्या होत्या, तेही इथेच, आणि त्या दिवशी आईने घातलेली प्रत्येक घडी वाकडी होती. एवढ्या वर्षांत दोघींमध्ये धड बोलणं म्हणून जे काही झालं होतं, ते सगळं या सोप्या कामाच्या आडोशाने झालं होतं. आणि थोरलीने बिस्किटाच्या न्यायाने नेमकं तेच उचलून मशिनला देऊन टाकलं होतं. हुशारीचं, हुशारीचं म्हणत बहिणीच्या पदरात दिवसभराची घासाघीस तेवढी ठेवली होती.

लंबूने शेवटचा अभ्रा ठेवला आणि हात वर करून नवीन कामाची वाट पाहत उभा राहिला. ताजातवाना!

थोरलीने इंजिनिअर मुलीला फोन लावला. "अभ्रे त्याच्याकडून काढून घ्यायचेत."

"का मॅडम? चुका करतोय का?"

"छे! फार छान करतोय. पण ते आम्हाला हवेत."

 मुलगी हळूच म्हणाली, "पण मग तो बराच वेळ नुसता उभा राहील."

"का उभा राहील? ओल्या चादरी मशिनमधून कोण उपसतं? आम्ही! कंबरा कोणाच्या धरतात? आमच्या! ट्रॉली दारापर्यंत कोण ढकलतं?"

"ते तर करेल तो," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात आता उत्साह आला होता. "आणि मॅडम, कॅमेरा आहे ना त्याला. नेहमीचे डाग ओळखून तो आधीच पाण्यात भिजवून ठेवू शकेल. अवघड तेवढेच तुमच्याकडे येतील. मी दोन दिवसांत येऊन शिकवते त्याला. मला सुचायलाच हवं होतं हे."

"तुला कसं सुचेल बाई? तू कधी दिवसभर डाग घासलेस?"

"नाही. पण तुम्ही घासले होते ना?"

 थोरलीने फोन ठेवला.

संध्याकाळी धाकटी आपली पिशवी न्यायला आली. थोरलीने तिला दारातच गाठलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं: टब, भिंतीवरचे डाग, काकांचा खिसा, रिकामं टेबल, अभ्रे. धाकटी ऐकत राहिली.

"म्हणजे मला आता अभ्र्यांची लाच देणार?"

"लाच कसली! तुझेच होते ते."

"हो ना? मग देऊन टाकताना मला विचारलंस?" धाकटीचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तू बसलीस, वाटलंस आणि जाहीर केलंस. त्या लंबूला काय येतं, काय नाही, हे चार दिवस तपासलंस. मला काय झेपतं, हे एकदा तरी?"

काकांची इस्त्री थांबली. थोरली खाली बघत राहिली. "नाही विचारलं," ती म्हणाली. "आता तू वाट. मी एक अक्षर बोलणार नाही."

"तू? एक अक्षर?" काका पुटपुटले.

पण धाकटीने खरंच पिशवी टेबलावर ठेवली आणि स्टूल ओढून बसली. "ओलं उपसणं, ढकलणं, भिजवणं त्याचं. बरोबर आहे. टॉवेलही त्याला राहू देत, टॉवेलांचा मला मनापासून कंटाळा आहे. अभ्रे आपले. अवघड डाग एक दिवस माझे, एक दिवस तुझे."

"माझे?" थोरली दचकली.

"अक्षर!" काका ओरडले.

"आणि तू डागांवर असशील तेव्हा फोन मी घेणार. मलाही माणसांशी बोलायचंय, ताई. लॉजमध्ये मला तेवढंच आवडलं." धाकटी थांबली, खोलीभर नजर फिरवली. "आणि आईचं काम?"

"आईचं कुठलं? शिवण मी करतेच की."

"ते नव्हे. संध्याकाळी ती दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, 'पुरे.' मग आपण हातातलं टाकून उठायचो. ती गेल्यापासून हे कोणाकडे आहे?"

थोरलीने आठवून पाहिलं. कोणाकडेच नव्हतं. लंबू थांबत नसे, म्हणून त्याच्या मागे त्याही थांबत नसत. तो घालतोय घड्या, तर आपण कसं उठायचं, असं काहीतरी झालं होतं. काकासुद्धा हल्ली अंधार पडल्यावर घरी जात.

"तू घे ते," थोरली म्हणाली.

"घेईन. पण ते लॉजच्या काउंटरवरून नाही करता यायचं. रोज इथेच यावं लागेल." धाकटी नाक ओढून म्हणाली. मग मोबाईल काढून दारात गेली. मॅनेजरबाईंशी बोलताना ती तीनदा "माफ करा" म्हणाली आणि चौथ्यांदा हसली. मोठ्याने.

फोन बंद करून ती तशीच दारात उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"पुरे!"

काकांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. थोरलीने सुई कापडात खोचली. लंबू मात्र उचल, झटक, दुमड, ठेव.

"ए लांबोडक्या, तुलाही सांगतेय!" धाकटी ओरडली.

थोरली उठली आणि त्याच्या पाठीवरचं लाल बटण दाबलं. लंबूचे हात अर्धवट दुमडलेला टॉवेल धरून हवेतच थांबले, आणि कितीतरी महिन्यांनी खोली गप्प झाली.